डोळ्यांआडचे बाळ

मुलांच्या वॉर्डात अकरा वर्षे काम केल्यानंतर मुंबईतील एका खासगी रुग्णालयाच्या दूरध्वनी सल्ला कक्षात माझी नेमणूक झाली, तेव्हा हे काम तुलनेने हलके असेल असा माझा समज होता. वॉर्डात बाळाजवळ उभे राहिले की त्याचा श्वास, रंग आणि अंगाची ऊब एकदमच कळते. फोनवर यांतले काहीही हाती लागत नाही.

प्रशिक्षणाचा बहुतेक काळ प्रश्न विचारायला शिकण्यातच गेला. ‘बाळाला धाप लागली आहे का?’ या प्रश्नाला घाबरलेले वडील ‘हो’ म्हणतात आणि सोशीक आजी ‘नाही’ म्हणते. म्हणून आम्ही झबले वर करायला सांगतो, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का हे पाहायला लावतो आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजून घेतो. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर डॉक्टरांनी तपासायलाच हवे. निदान आणि औषध हे डॉक्टरांचे काम. कोणता फोन त्यांच्याकडे द्यायचा आणि कोणाला तत्काळ १०८ वरून रुग्णवाहिका मागवायला सांगायची, हे ओळखणे आमचे.

जुलैतील एका रात्री अडीचच्या सुमारास भांडुपहून एका वडिलांचा फोन आला. आठ महिन्यांच्या मुलाला संध्याकाळपासून सात जुलाब झाले होते आणि ओआरएस नुकतेच सुरू केले होते. प्रत्येक उत्तर ते मागे वळून कुणाला तरी विचारून देत होते, म्हणून बाळ ज्यांच्या मांडीवर आहे त्यांच्याकडेच फोन द्या, असे मी सुचवले. त्या आजी होत्या. शेवटची लघवी केव्हा झाली, डोळे खोल गेले आहेत का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट होते का, हे सारे त्यांनी शांतपणे पाहून सांगितले.

“आजी, ते पाकीट किती पाण्यात कालवलंत?”

“पेलाभर. जास्त पाण्यात त्याची ताकद कुठे राहते, सिस्टर?”

एक लिटरसाठीचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले, तर क्षार सुमारे पाचपट होतात आणि बाळाच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. आजींना मी दोष देत नाही. काढा आटवूनच गुणकारी होतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. सुदैवाने बाळाने तीन-चार चमचेच घेतले होते. मी लगेच डॉक्टरांना फोनवर घेतले. ते मिश्रण ओतून द्यावे, अंगावर पाजणे चालू ठेवावे आणि बाळ सुस्त झाले, पिईनासे झाले किंवा शीतून रक्त गेले तर थेट रुग्णालय गाठावे, असे त्यांनी सांगितले. मग पाण्याची रिकामी लिटरची बाटली शोधायला लावून, उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खे पाकीट मी आजींकडून कालवून घेतले, आणि दर जुलाबानंतर अर्धा पेला, तोही चमच्याचमच्याने, पाजायला सांगितला.

‘ओआरएस देताय का?’ एवढेच विचारून मी आता थांबत नाही. भांडे कोणते आणि पाणी किती, हेही विचारते.

पहाटे पाचला मी पुन्हा फोन केला, तो आजींनीच उचलला. बाळाला दोनदा लघवी झाली होती आणि ते अंगावर पीत होते. बाटलीत उरलेले पाणी उद्याही चालेल का, असे त्यांनी विचारले. कालवल्यापासून चोवीस तासांनी ते टाकून द्या आणि नवे पाकीट फोडा, असे मी सांगितले.