गटाची वही कोण वाचतं?

शेतकरी गट बांधायला गेलं की पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो, "आम्हाला मिळणार काय?" मला हा प्रश्न आवडतो. मनात ठेवून कुढण्यापेक्षा विचारलेला बरा. पण उत्तरात मी अनुदानाचं नाव काढत नाही. अनुदानासाठी जमलेला गट पैसे खात्यात पडेपर्यंत टिकतो, मग उरतो तो रबरी शिक्का. म्हणून मीच उलट विचारते, एकट्याला परवडत नाही पण मिळून जमेल असं काम कोणतं? खत एकदम आणणं, माल एकाच गाडीतून पाठवणं, फवारणीचा पंप आळीपाळीने वापरणं. असं काम निघालं तर पुढे बोलायचं, नाहीतर नमस्कार करून निघायचं.

माणसं आठ ते पंधरा. छोट्या गटांसाठी संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटनाही हाच आकडा सांगते. गर्दी वाढली की मागे बसलेले गप्प होतात, आणि बायका बहुतेक वेळा मागेच बसलेल्या असतात.

आता हिशेबाच्या वहीबद्दल, कारण माझा खरा जीव तिच्यात आहे. बैठकीत सचिव मोठ्याने वाचतो: मागील शिल्लक, जमा, खर्च, हाती शिल्लक. मग पेटीतले पैसे सगळ्यांसमोर मोजायचे. आकडा जुळला तरच पुढचा विषय. खाडाखोड झाली तर चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि दोघांच्या सह्या. पांढरा रंग फासून आकडा झाकू द्यायचा नाही. ज्यांना वाचता येत नाही, तेच बहुधा सगळ्यात पक्के तपासनीस असतात. "मागच्या वेळी शिल्लक वेगळी वाचली होतीस," असं म्हणणारी एक तरी बाई प्रत्येक गटात निघते, आणि सचिव तिला बिचकून असतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात १९९१ साली 'केअर' या संस्थेने बायकांचे बचत गट सुरू केले. अनेकींना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे हिशेब तोंडपाठ ठेवायची पद्धत पडली. पुढे अशा गटांत पेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे, अशी रीत रुळली. अविश्वास म्हणून नव्हे. पेटी ज्याच्या घरी त्याच्यावर उगाच बोट येऊ नये म्हणून.

दुसरी गोष्ट मानधनाची. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रायफायझन यांनी गावोगावच्या पतसंस्था उभ्या केल्या, तेव्हा पदाधिकारी बिनपगारी असत. मोबदला मिळे तो हिशेबनिसाला. मला हे पटतं. अध्यक्षाला मान मिळतो, सत्कार होतो, फोटोत तो मधोमध असतो. रात्री दिव्याखाली पावत्या चिकटवणाऱ्याला काय मिळतं? म्हणून गट कमवायला लागला की पहिला ठराव हिशेबनिसाच्या मानधनाचा करा, असं मी सुचवते. कुरकुर होतेच.

दंडही ठरवावा, पण छोटा. पहिल्या उशिराला नुसती आठवण, दुसऱ्याला थोडे पैसे, पुढे जास्त. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना टिकून राहिलेल्या सामाईक पाणी-जंगल व्यवस्थांमध्ये अशीच चढत्या क्रमाची शिक्षा दिसली होती. एकदम गटाबाहेर काढायचा नियम केला की तो कुणावरच लागू होत नाही. ज्याला काढायचं, तो कुणाचा तरी भाऊबंद निघतो.

वर्ष संपलं की वही दुसऱ्याकडे द्या. देताना शिल्लक पुन्हा मोजा, आणि देणारा-घेणारा दोघांच्या सह्या त्याच पानावर घ्या.