पहिली सही, दुसरी सही

माझी काजू फॅक्टरी डिचोलीला, त्याची वाळपईला. मधल्या भाटांतलं, म्हणजे काजूच्या बागांतलं, बी कोण उचलणार यावरून आम्ही दहा वर्षं भांडलो. मी सकाळी किलोला दोन रुपये चढवले की दुपारी त्याचा टेम्पो तीन चढवून दारात उभा. फोनवर एकमेकांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

2023 मध्ये गोव्याच्या काजूला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण त्याचा फायदा घ्यायला त्याच्या कंपनीत दम उरला नव्हता. बँकेचं कर्ज आणि सलग दोन वाईट हंगाम. बाबांनी विचारलं, घ्यायची का? मी म्हटलं, आधी पोती मोजू.

मोजायला तीन आठवडे लागले. आमचे सीए वह्या बघत होते, मी गोदामात. तो रोज यायचा. विकणाऱ्याने मोजणीला हजर राहायचं, एवढंच कारण. बोलता बोलता तो ड्रायरमधून आलेल्या गराचं साल अंगठ्याच्या नखाने काढायचा, पाकळी न फुटता. हे आमच्याकडे फक्त जुन्या बायकांना जमतं. मी त्याच्या हिशेबाकडे बघायच्या ऐवजी त्या नखाकडे बघतेय, हे माझ्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. सारमानसच्या फेरीबोटीतून उगाच पलीकडे टोंकला जायचं आणि त्याच बोटीने परत यायचं, असले उद्योग.

मग आउटटर्न आला. एक किलो बी फोडायचं, चांगला गर वजन करायचा, त्यावरून 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल ते काढायचं. त्याच्या कागदावर 48 होतं. मागच्या थप्पीतलं बी मी स्वतः फोडलं: गर 250 ग्रॅम, म्हणजे 44. पोत्यामागे पावणेदोन किलोहून जास्त गर कमी. हंगामाच्या शेवटी पावसात भिजलेलं बी होतं ते, फोडल्यावर वास सांगत होता.

“हे तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“होतं.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“तू घेणारी आहेस. तुला थप्पीपाशी जायला कोणी अडवलं? तुझं काम मी का करू?”

(घरी आम्ही दोघंही कोंकणी बोलतो. हे भांडण मराठीत झालं. हिशेब शाळेत मराठीत शिकलो, म्हणून असेल.)

नऊ दिवस बोलणं बंद. राग कशाचा, हे मलाच नीट कळत नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर तोंडही उघडलं नसतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. दहाव्या दिवशी मी बाबांना आणि आमच्या वकिलांना खरं काय ते सांगितलं. बाबा पंख्याकडे बघत बसले. वकील म्हणाले, “आजपासून किमतीवर तू बोलायचं नाहीस. भाऊ बोलेल.” भावाने किंमत पाडली, आणि बरीच पाडली. मी खाली कॅन्टीनमध्ये बसून होते. तो वरून उतरला, समोर बसला आणि म्हणाला, “तुझा भाऊ तुझ्यापेक्षा वाईट आहे.” ते पहिलं बोलणं.

लग्नाचं म्हटल्यावर वकिलांनी खुर्ची पुढे ओढली. गोव्यात अजून 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू. लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर नवरा-बायकोची आधीची आणि नंतरची सगळी संपत्ती सामाईक, अर्धी-अर्धी. म्हणजे मी त्याची कंपनी विकत घेणार, आणि लग्नाची सही केली की अर्धी त्याला परत. आधी लग्न केलं तर आणखी गंमत: विकणारा आणि घेणारा एकच घर, मग पैसे कोणी कोणाला द्यायचे? म्हणून क्रम ठरला: आधी सौदा, मग करार, मग लग्न.

शेअरचं सोपं होतं. शेअर नावावर करायचा एसएच-4 फॉर्म आणि 0.015 टक्के स्टॅम्प ड्युटी, लाखाला 15 रुपये. शेड मात्र त्याच्या आईबाबांच्या नावावरच्या जमिनीवर, त्याचं खरेदीखत वेगळं. सबरजिस्ट्रारकडे त्याच्या बाबांनी सही केली आणि पेन आईकडे सरकवलं. तिने पेन घेतलं आणि विचारलं, “वकीलबाब, मी सही केली नाही तर?”

“मग विक्री होत नाही, काकी.”

“असं?” ती म्हणाली. मग चष्मा पुसला, सगळी पानं उलटली, एक-दोन परत उलटली. कोणी काही बोलेना. त्याच्या बाबांच्या कपाळावर घाम. मग तिने सही केली, नाव पूर्ण लिहून.

त्या रात्री मी त्याला म्हटलं, करार नको, राहू दे अर्धी-अर्धी. मला ती त्याच्या आईसारखी सही हवी होती, खरं सांगायचं तर. आमचे सीएही खूश होते, प्राप्तिकरात मग पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत वाटलं जातं, कर कमी पडतो म्हणून. तो ऐकेना. “वाळपईत म्हणतील, कंपनी विकली आणि लग्न करून अर्धी परत आणली. पैसे मी घेतलेत. करार कर.” आठवडाभर वाद घातला. लग्नानंतर हा करार करता येत नाही आणि केलेला बदलताही येत नाही, त्यामुळे पुढे बघू म्हणायची सोय नव्हती. शेवटी केला. संपत्ती पूर्ण वेगळी.

सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग हरकतींसाठी पंधरा दिवस, मग दुसरी सही. हरकत कोणाची आली नाही. भावाने घ्यायची धमकी दिली होती.

सौद्यातल्या कलमाने तीन वर्षं त्याला डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत काजूचा धंदा करता येत नाही. ते कलम मीच घालायला लावलं होतं, अगदी सुरुवातीला, नख दिसायच्या आधी. तो आता भिरंडांत, म्हणजे कोकमाच्या धंद्यात शिरलाय. सोलं वाळवायला त्याला शेडपुढचं अंगण लागतं. मी भाडं लावलंय. करारामुळे ते सगळं माझं.