आजीची गादी हॉलमध्ये

आजीनं गादी हॉलमध्ये नेली ती पंख्यामुळे, असंच मी धरून चालले होते. काल दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "खोलीत अजून कोण झोपतं? रात्री दातांचा आवाज येतो असं कुणी म्हणालंय का?" तोंडात त्यांचा आरसा असतानाच मला ती गादी आठवली.

घरी येऊन विचारलं. "येतो ना," आजी म्हणाली. "करकर, करकर. थांबतेस, परत सुरू. तुझ्या डोक्यावर परीक्षा, त्यात हे आणखी कशाला सांगायचं?" आणि मेथी निवडायला लागली.

मला हे एवढं का लागलं? दाढांचे उंचवटे झिजून सपाट झालेत, गालाच्या आत पांढरी रेघ उमटली आहे, हे सगळं आरशात पाहिलं तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं. सकाळी कानशिलं ठणकतात ती चष्म्यामुळे, असं मी समजत होते. पोह्यांवरची शेव चावताना जबडा भरून येतो, तर शेव घेणंच बंद केलं होतं. दातावरचं कवच शरीरात सगळ्यात टणक, पण एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. रात्री दातांवर घालायचा गार्ड दात वाचवेल, दात खाणं थांबवेलच असं नाही. तेही ऐकून घेतलं. पण आजीला माहीत होतं आणि मला नव्हतं, हे काही खाली उतरत नाही.

आईनं निकाल लगेच लावला: फोन. डॉक्टरांनी तसं सरळ म्हटलं नाही. झोप मधेमधे क्षणभर उथळ होते तेव्हा जबडा आवळला जातो. ताण, रात्री उशिरापर्यंतचा स्क्रीन, चहा-कॉफी यांनी झोप आणखी बिघडते. दिवसाही लक्ष ठेव म्हणाले. ओठ मिटलेले असले तरी वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट हवी. मला तर दात टेकलेलेच असायला हवेत असं वाटायचं! रात्री ग्रुपवर कुणीतरी कट-ऑफचा अंदाज टाकला. आकडा वाचायच्या आधीच माझे दात घट्ट बसले होते. फोन बाजूला ठेव म्हणतात, पण लेक्चर त्यात, चालू घडामोडींच्या पीडीएफ त्यात, टेस्टची रँक त्यात, उद्या निकालही त्यातच बघायचा.

२०१८ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलं की एरवी निरोगी माणसात दात खाण्याला आजार न म्हणता वर्तन म्हणावं. वाचून रडूच आलं. दिवसभर मी सगळं नीट सांभाळते. टेस्टचे मार्क घरी सांगत नाही, चेहरा पडू देत नाही. आणि झोपल्यावर माझ्याच तोंडानं आजीला सगळं कळवायचं?

पण मग ती किती रात्री ते ऐकत पडली असेल! आणि सकाळी मला उशिरापर्यंत झोपू देण्यासाठी कुकरसुद्धा ती मी उठल्यावरच लावते. रागावून किती रागावणार तिच्यावर? कळलंच आहे तिला, तर कळू दे. निदान एका माणसापुढे आता चेहरा सांभाळायला नको.

आज इंदूरमधल्या भंवरकुआंच्या लायब्ररीत शेजारची मुलगी फोनवर टेस्टची उत्तरं ताडून बघत होती. तिच्या कानापुढचा स्नायू सारखा फुगत होता. आम्ही कधी बोललेलो नाही. गप्प राहणं सोपं होतं, पण मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हे कालपासून डोक्यात होतं. म्हटलं, "दाँत छोड़, बहुत कसके दबा रखे हैं।" ती दचकली, तोंड उघडलं, दोन्ही गाल चोळले. मग तिनं विचारलं, सकाळी तुझंही डोकं दुखतं का? जेवणाच्या सुट्टीत तिनं डॉक्टरांचा नंबर मागितला. दिला, आणि गार्डच्या मापाला किती वेळ लागतो तेही सांगितलं.