डोक्यावरून हात फिरवायचा नाही

ग्लासगोत पोरांना शिकवायचं म्हटलं तर आधी आपण गुन्हेगार नाही हे सिद्ध करावं लागतं. काम काय, तर आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये बसून गरीब घरच्या मुलांचा गृहपाठ करून घ्यायचा. पैसे नाहीत, मान नाही, चहा तेवढा मिळतो. पण त्यासाठी पीव्हीजी नावाची सरकारी नोंदणी, मागच्या घरांचे पत्ते, ओळखीच्या माणसांची शिफारसपत्रं आणि वर सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं, प्रशिक्षण. एप्रिल 2025पासून ही नोंदणी कायद्यानेच सक्तीची केली आहे. फुकट शिकवणाऱ्यांकडून फी घेत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

प्रशिक्षणात नियमांची जी रांग लागली, ती ऐकून माझं डोकंच फिरलं. मुलासोबत खोलीत एकटं बसायचं नाही, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. दार उघडं. फोटो नाही. नंबर द्यायचा-घ्यायचा नाही. आपल्या मनाने खाऊ नाही, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असायची. आणि उगाच अंगाला हात लावायचा नाही. म्हणजे गणित बरोबर आलं तरी डोक्यावरून हात फिरवायचा नाही? बाईंनी हसून मान हलवली. नाही.

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे नागपुरात कामठी रोडच्या मागच्या वस्तीत संध्याकाळचा वर्ग भरतो, तो ओट्यावर. आत्या अजूनही घेते. मी कॉलेजात होते तेव्हापासून तिच्यासोबत जायची. पोट्टे गळ्यात पडायचे, कुणी वेणी ओढायचं, कुणाचं नाक पदराने पुसायचं, तर कुणी बेचा पाढा म्हणता म्हणता मांडीवर झोपून जायचं. डिसेंबरात नाताळची करंजी, आणि सुटीच्या दिवसांत संत्री. कोणी फॉर्म भरला नाही की कोणी शिफारस मागितली नाही. हां, 'पाटी देऊन धर्म बदलवता काय' असं मात्र ऐकावं लागायचं. म्हणून आत्या वर्गात प्रार्थनासुद्धा घेत नसे, घरूनच करून निघायची. इथेही हॉलमध्ये प्रार्थना नाही. बरीच मुलं मुसलमान घरांतली आहेत, त्यांच्या आयांना तसा शब्दच दिला आहे. हा एक नियम मला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

गंमत म्हणजे ज्या लोकांनी आपल्याकडे शाळा काढल्या ते इथलेच. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या डन्स गावचे. 1845मध्ये ते नागपुरात आले, तिथेच शाळा काढली आणि 1863च्या पावसाळ्यात पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. 1883मध्ये त्यांच्या नावाने निघालेलं कॉलेज सिव्हिल लाइन्समध्ये कोणीही दाखवेल, पण आमच्या इथल्या चर्चमध्ये हिस्लॉप कोण ते एकालाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तर कौतुकाने ऐकलं, मग छपराच्या गळतीचा विषय निघाला. चर्चची माणसं कमी झालीत, इमारती विकाव्या लागतात. मनात आलं, यांच्या पणजोबांनी पाठवलेलं मीच आता परत घेऊन आले. (मोठ्याने म्हटलं नाही. संस्कार.)

आणि गरिबी म्हणाल तर तीही इथे आहेच. पहिली ते पाचवी सगळ्यांना शाळेत फुकट जेवण देतात म्हणून यांना केवढा अभिमान! आपली खिचडी आठवीपर्यंत असते, हे मी पहिल्या संधीला सांगून टाकलं.

माझ्या वाट्याला आलेला पोरगा अकरा वर्षांचा. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, बाही चावून चावून ओली केलेली. मला सरळ नावाने हाक मारतो. ताई नाही, मॅडम नाही. कित्येक आठवडे तो 'आय' (इथलं 'हो') आणि 'नो' यापलीकडे बोललाच नाही. अपूर्णांक चुकला की रबर इतक्या जोरात घासतो की कागद फाटतो, आणि फाटला की वही मिटून भिंतीकडे तोंड. नागपुरात मी त्याला जवळ ओढलं असतं, गुदगुल्या केल्या असत्या, विषय संपला असता. इथे दोन फुटांवरच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसून राहायचं. वही उघडेपर्यंत.

करिंथकरांच्या पत्रातला प्रीतीचा अध्याय मला संडे स्कूलपासून पाठ आहे, बक्षीसही मिळालंय. प्रीती सहनशील आहे, हे त्यातल्या प्रीतीच्या वर्णनात अगदी पहिलं. पण वस्तीतली पोरं इतकं भरभरून द्यायची की सहन करायला काही उरायचंच नाही. या पोरावर प्रीती करायची म्हणजे बुधवारी पाऊस असो, अंधार असो, साडेतीनला त्याच खुर्चीत असणं. तो येणार नसला तरी. प्रार्थनेत त्याचं नाव घेते, तेवढ्याला अजून कोणाची परवानगी लागत नाही.

एक नियम मात्र मला पटला, तोही उशिरा. मुलाने घरचं काही सांगितलं, तर 'कोणाला सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही. एका बुधवारी पेन्सिल टोकरता टोकरता तो काहीतरी बोलून गेला. काय, ते इथे लिहिणार नाही. मी ते तिथल्या जबाबदार बाईंना सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो माझ्याशी बोलला नाही, पण येऊन बसला मात्र माझ्याच टेबलाला. ओट्यावर असं कितीदा कानावर पडलं असेल! तेव्हा आम्ही काय करायचो, तर आईला समजावायचो, प्रार्थना करायचो. सांगायचं तरी कोणाला होतं?

रविवारी आत्याला फोनवर म्हटलं, वर्गाला दोन माणसं ठेवत जा, आणि दार उघडं.

"दार? ओट्याला कुठलं दार वो? अन् इथे एक माणूस भेटत नाही, तू दोन मांगून राहिली. एवढंच आहे तर तूच ये की मग."

मुलीची शाळा संपू दे, म्हटलं.