पगारपत्रकातला एक कॉलम

चाकणच्या एका कारखान्यात मी तेव्हा पगाराचं काम बघायचे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना; कायम कामगार आणि स्टाफ मिळून साडेतीनशेच्या आसपास माणसं. २०१९ साली गणपती २ सप्टेंबरला होते, म्हणून ऑगस्टचा पगार सणाच्या आधीच द्यायचा असं ठरलं होतं. २३ ऑगस्टच्या शुक्रवारी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, मी सकाळपासून हजेरी, ओव्हरटाइम, कँटीनचे पैसे, सोसायटीचे हप्ते जुळवत बसले होते. त्या महिन्याच्या शीटमध्ये एक नवा कॉलम होता : पूरनिधी.

सांगली-कोल्हापूरचा तो पूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. आमच्याकडे त्या भागातली माणसं बरीच, त्यामुळे मदत करायला नको म्हणणारा शोधूनही सापडला नसता. वरून कोणी काही सांगायच्या आधीच पोरांनी गेटपाशी चादरी, बिस्किटं, पाण्याचे बॉक्स गोळा केले होते. कोणी काय दिलं याची तिथे नोंद नव्हती. एका शिफ्टमध्ये टेम्पो भरला.

मग १३ तारखेला परिपत्रक लागलं. सर्व कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कापण्यात येईल. ज्यांची इच्छा नसेल त्यांनी २० तारखेपर्यंत एचआरला मेल करावा आणि त्याची प्रत आपल्या विभागप्रमुखांना पाठवावी.

हे वाक्य टाइप करताना मलाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. ज्याला द्यायचं नाही त्याने तसं लिहून द्यायचं, तेही वर्षाअखेरीस ज्याच्या हातात आपलं अप्रेझल असतं त्या माणसाला कळवून. आणि शॉपफ्लोअरवरच्या कामगाराला कंपनीचा मेल आयडीच नसतो. म्हणजे परिपत्रक सगळ्यांसाठी, पण नाही म्हणायची सोय फक्त टेबलावर बसणाऱ्यांना. थोड्याच दिवसांत नोटीस बोर्डावर विभागवार टक्केवारी लागली. प्रेस शॉप १०० टक्के, वेल्ड शॉप १०० टक्के, स्टोअर्स ९२. स्टोअर्सच्या सुपरवायझरने शिफ्ट सुरू होताना सगळ्यांना उभं करून विचारलं की आपला विभाग खाली का, बाबांनो?

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. दर डिसेंबरला त्यांच्याकडे ध्वजदिन निधीच्या छोट्या ध्वजांचा गठ्ठा यायचा आणि सोबत वर्गाला ठरवून दिलेला आकडा. शेतमजुरांच्या पोरांकडून तो पुरा व्हायचा नाही. उरलेले पैसे वडील स्वतःच्या पाकिटातून भरायचे आणि उरलेले ध्वज आमच्या कपाटात पडून राहायचे. सैनिकांबद्दल त्यांना फार वाटायचं, पण तो गठ्ठा आला की त्यांचा चेहरा उतरायचा. लहानपणी मला त्याचा अर्थ लागायचा नाही.

नकाराचे अकरा मेल आले होते, सगळे स्टाफचे. त्यातला एक प्रोबेशनवरच्या मुलीचा होता. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून किती वेळा असतं, गाडीभाडं किती लागतं, सगळं तिने लिहिलं होतं आणि शेवटी माफी मागितली होती. मला हे कळायचं काहीच कारण नव्हतं. तिच्या विभागप्रमुखालाही नव्हतं. शुक्रवारी सकाळीच एचआरच्या सरांचा निरोप आला : त्या अकरा जणांची यादी विभागासकट पाठव. मी फाइल उघडून ठेवली, पण पाठवली नव्हती.

साडेअकराच्या सुमारास आप्पा खिडकीपाशी आले. वेल्ड शॉपमध्ये सतरा वर्षं झालेला माणूस. मॅनेजरसुद्धा त्यांना आप्पाच म्हणायचे. गाव शिरोळ तालुक्यात. शनिवारी, ३ तारखेला, आई आणि दोन म्हशी हलवायला म्हणून ते गावी गेले आणि तिथेच अडकले. १९ तारखेला कामावर परत आले.

"ताई, माझं किती दिवस गेलं, तेवढं बघा की."

मी बघितलं. सुट्ट्या वगळून अकरा दिवस गैरहजर. शिल्लक रजा चार. बाकी सात बिनपगारी. त्यांचा महिन्याचा पगार १८,२००, आमच्याकडे भागाकार २६ ने, म्हणजे दिवसाला ७००. सात दिवसांचे ४,९०० गेले. हे सांगताना माझी नजर पुढच्या कॉलमवर गेली. तिथे ७०० होते.

त्यांनीही खिडकीतून वाकून बघितलं. "आनि ह्ये सातशे कशाचं?"

"पूरनिधी," मी म्हणाले.

ते काही बोलले नाहीत. खिशातून मोबाइल काढला आणि मला एक फोटो दाखवला. त्यांच्या घराची समोरची भिंत होती. दरवाजाच्या चौकटीच्या वर, जिथे तोरण बांधतात त्या खिळ्याच्याही वर, चिखलाची सरळ आडवी रेघ. खाली अंगणात तुळशीवृंदावन मातीत अर्धं रुतलेलं. एक म्हैस वाचली होती.

"मग ह्ये पैसं जानार कुनाला, ताई?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, "आप्पा, तुमचं नाव मी काढते. परिपत्रक लागलं तेव्हा तुम्ही इथे नव्हताच."

तर ते घाईघाईने म्हणाले, "नगं, नगं. नाव काढू नका. आमचं डिपार्टमेंट शंभर टक्के हाय. माझ्यामुळं खाली आलं तर पोरांस्नी बोलनं बसंल. ऱ्हाऊ दे."

आणि ते निघून गेले. मी मात्र त्या शीटसमोर नुसती बसून राहिले. पुरात अडकला म्हणून सात दिवस कापलेल्या माणसाचा आठवा दिवस आम्ही पूरग्रस्तांसाठी कापत होतो, आणि तो माणूस लाजेपोटी 'राहू दे' म्हणत होता. ते ७०० मी स्वतः टाकले होते. फॉर्म्युला लावून एका झटक्यात साडेतीनशे ओळींत खाली ओढले होते.

कपाटातून वेतन प्रदान अधिनियमाची प्रत काढली. १९३६ चा कायदा. ज्यांचा पगार महिना २४,००० पर्यंत आहे त्यांना तो लागू होता, म्हणजे आमचा जवळजवळ सगळा शॉपफ्लोअर. कलम ७ मध्ये पगारातून काय काय कापता येतं याची यादी होती आणि त्या यादीबाहेरचं काहीही कापता येत नव्हतं. मदतनिधीचा उल्लेख तिथे होता, पण तो पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीचा किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या निधीचा, आणि तोही कामगाराने लेखी संमती दिली असेल तरच. 'मेल आला नाही म्हणजे हो' याला त्यात कुठेही जागा नव्हती.

सरांच्या केबिनमध्ये गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावरही वरून दट्ट्या होता. शेजारच्या कंपनीने चेक दिल्याचा फोटो पेपरात आला होता, आपला आकडा त्याहून कमी दिसता कामा नये, एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं.

"मॅडम, एका आप्पासाठी शंभर टक्के मोडायचे का? त्यांना आपण वेगळी मदत करू."

"सर, आप्पा फोटो घेऊन आले म्हणून कळलं. बाकीच्यांच्या घरी काय आहे ते आपल्याला कुठे माहीत आहे? आणि माहीत करून घ्यायचा आपल्याला हक्क तरी काय?"

मग केरळचं सांगितलं. २०१८ च्या पुरानंतर तिथल्या सरकारने कर्मचाऱ्यांना महिन्याचा पगार द्यायचं आवाहन केलं आणि ज्यांना द्यायचा नाही त्यांनी तसं लिहून द्यावं असं म्हटलं. लिहून द्यायच्या त्या अटीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. मदत मागण्याला कोणाची हरकत नव्हती. नकार लिहून मागण्याला होती. सरांनी कलम ७ दोनदा वाचलं, मग पुस्तक उलटं ठेवून विचारलं, "पगार थांबवायचा नाही. मग करायचं काय, बोला."

मी म्हटलं, कॉलम रिकामा करते. उद्यापासून कागदाच्या चिठ्ठ्या वाटू. नाव, कोड, रक्कम, सही. रक्कम ज्याने त्याने भरायची. चिठ्ठ्या माझ्याकडे येतील, सुपरवायझरकडे जाणार नाहीत. बोर्डावरची टक्केवारी आजच उतरवायची. आणि त्या अकरा जणांची यादी मी देणार नाही.

शेवटचं बोलताना माझा आवाज कापत होता, हे मला आठवतं. घराचा हप्ता मलाही होता.

सगळं काही मिळालं नाही. कामगारांसाठी चिठ्ठ्या मान्य झाल्या. २४,००० च्या वर पगार असलेल्या स्टाफची कपात तशीच राहिली, तिथे मी कमी पडले. टक्केवारीचा कागद मात्र संध्याकाळी उतरला. यादी पुन्हा कोणी मागितली नाही. आप्पांच्या सात दिवसांसाठी मी वेगळा अर्ज लावला. चार दिवस पुढच्या वर्षाच्या रजेतून उचल म्हणून मिळाले, तीन बिनपगारीच राहिले. पूरग्रस्तांना मदत पाठवायला आमच्याकडे कॉलम होता, पण पुरात सापडलेल्या आपल्याच माणसाच्या रजेसाठी नियम नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चिठ्ठ्या सोमवारी आल्या. कोणाचे पूर्ण दिवसाचे पैसे, कोणाचे ५१, कोणाचे १०१. एका क्रेन ऑपरेटरने दोन दिवसांचे लिहिले होते. बऱ्याच जणांनी चिठ्ठी दिलीच नाही, आणि कोणी दिली नाही हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

आप्पा जेवणाच्या सुट्टीत आले. चार घड्या घातलेली चिठ्ठी खिडकीतून सरकवली. नाव होतं, कोड होता, सही होती. रकमेची जागा कोरी.

"आकडा तुमीच घाला, ताई. तुमाला बरा वाटंल तो."

मी चिठ्ठी परत त्यांच्याकडे सरकवली आणि पेन दिलं. "आप्पा, हा आकडा मी नाही घालायचा. तुम्हाला वाटेल तो तुम्हीच लिहा. शून्य लिहिलं तरी चालतं."

"शून्य चालतंय?"

"चालतं."

ते बराच वेळ पेन धरून उभे होते. मग मागे वळून बघितलं. रांगेत कोणी नव्हतं. कागद भिंतीला टेकवला आणि सावकाश, चांगलं मोठं, गोल शून्य काढलं.