पट्टी वाढवून द्या

आमच्या पेटी दुरुस्तीच्या धंद्यात पट्टी म्हणजे दोनच गोष्टी. एक, जिच्यावर बोट पडतं ती. दुसरी, गाणारा ज्या सुराला सा धरतो ती. सप्तकात पांढऱ्या सात आणि काळ्या पाच, त्यामुळे "पट्टी कोणती?" म्हटलं की समोरचा काळी एक नाहीतर पांढरी चार असं सांगून मोकळा होतो. खेडोपाडी पेट्या घेऊन बसायला लागल्यावर मात्र या शब्दाचा पसारा कळला, आणि लासलगावच्या बाजूच्या एका गावात तर तो सगळाच एका सकाळी माझ्यासमोर येऊन बसला.

सप्ताह तोंडावर आला होता. पेटीचा भाता हवा सोडतोय आणि दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, असा निरोप होता. गेलो तर सभामंडपात बैठक चाललेली. मी खांबाशी सतरंजी ओढून पेटी उघडली. कमान्या थकलेल्या, आतलं चामडं उंदरांनी कुरतडलेलं. हात कामात होते, कान बैठकीत.

विषय पट्टीचाच होता, पण घरटी वर्गणीच्या. "यंदा पट्टी निघायची नाही तात्या," एक जण म्हणाला, "कालची कांद्याची पट्टी बघा माझी. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता काय उरलं?" त्याने खिशातून बाजार समितीची चिठ्ठी काढून खरंच सगळ्यांत फिरवली. ती माझ्यापर्यंतही आली. मी वाचली आणि काही न बोलता पुढे दिली. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या शिपायाने थकलेल्या पाणीपट्टीची आठवण केली. ती करायची वेळ नव्हती, हे त्याला लगेच समजावण्यात आलं.

अशा तापलेल्या बैठकीत महिला भजनी मंडळातल्या एक काकू उभ्या राहिल्या. "तात्या, आम्हाला पट्टी वाढवून द्या."

मंडप गार. तात्यांकडे वर्गणीची वही. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वाढवून? अहो, सगळं गाव कमी करा म्हणतंय!"

"आम्हाला नाही परवडत या पट्टीत."

"परवडत नाही म्हणून वाढवायची?"

"हो. काळी चार करा."

तात्या वही उघडून बसले. "काळी चार म्हणजे घरटी किती रुपये?"

पखवाजवाले बुवा आधी हसले, मग सगळेच.

काकूंचं म्हणणं मात्र रास्त होतं. पुरुषांचं भजन काळी एकला. तिथे बायकांनी सा खाली धरला तर शब्द पहिल्या रांगेपलीकडे जात नाहीत आणि वर धरला तर अंतऱ्याला ओरडावं लागतं. पेटी वाजवणारा पोरगा काळी एकवरच शिकलेला, दुसरीकडून सुरुवात केली की त्याची बोटं अडखळायची. म्हणून इतकी वर्षं बायकाच ओढाताण करून गात होत्या. पोराने चार दिवस सराव करावा असं कुणाला वाटलं नाही, याचं मला नवल वाटलं. खरं तर वाटायला नको होतं.

"सूर घासून चढतील ना?" तात्यांनी मला विचारलं. पेटीतला सूर म्हणजे हवेने थरथरणारी पितळी जीभ. तो चढतो की. जिभेच्या टोकाला घासला तर चढतो, बुडाशी घासला तर उतरतो. पण ते बेसूर झालेला सूर जागेवर आणण्यापुरतं. काळी एकची काळी चार कानशीने होत नसते.

पट्ट्यांचा सांगाडा बाहेर काढला तेव्हा बाजूला पाचर दिसली. शाळेतल्या फूटपट्टीचा तुकडा, चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी ठोकलेला, त्यावर इंचाच्या खुणा शाबूत. पेटी स्केल चेंजर होती! म्हणजे पट्ट्यांचा सांगाडा सरकवला की त्याच बोटांना वरचे-खालचे सूर निघणारी. नऊ पट्ट्यांपर्यंत सरकणारी. पोरांनी खेळू नये म्हणून कुणीतरी ती एका टोकाला जाम करून टाकली होती, आणि पुढे गाव ते विसरून गेलं. चुका उपटल्या, खाचा साफ करून शंखजिऱ्याची पूड लावली, नव्या कमान्या घातल्या, चामडं बदललं, भात्याला ठिगळ मारलं. मग सांगाडा सात घरं वर सरकवून पोराला म्हटलं, "तुझी काळी एक वाजव."

बोटं तीच, निघाली काळी चार. काकूंनी अभंग उचलला. अंतऱ्यालाही गळ्याची शीर ताणली गेली नाही आणि शब्द पार दारातल्या चपलांपर्यंत ऐकू आले. बायकांनी लागोपाठ तीन अभंग म्हटले, बैठक तशीच राहिली.

बुवा पट्टीचे पखवाजी. पहिल्याच थापेला त्यांनी मान हलवली. पखवाज मिळवलेला काळी एकला, तो ठोकून ठोकून सात सूर चढवायचा म्हणजे पान फाटायचं. "बायकांच्या सा पासून हा मध्यम, म्हणजे म होतो, मालकंसाचा अभंग निभावून नेईन," ते म्हणाले, "पण भूप रागात मध्यमच नसतो. तिथे काय करू?" वरच्या पट्टीचा दुसरा पखवाज लागणार, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

तात्यांनी मला किंमत विचारली. मी अंदाज सांगितला. त्यांनी वही परत उघडली, घरं मोजली आणि काकूंकडे बघून म्हणाले, "वाढवावीच लागणार म्हणा की."