व्हिलन बाई, प्रिया मराठे आणि आमचा टीव्ही

सिरियलमधली हिरॉइन रडली की आपणही रडतो वगैरे ठीक आहे, पण रोज साडेसातला आठला सगळं आवरून टीव्हीसमोर बसायला लावते ती व्हिलन बाईच, हे माझं फार जुनं मत आहे. हिरॉइन काय करणार हे माहीतच असतं, ती सहन करणार. पुढे काय होणार ते ठरवते दुसरी. आणि मराठी घरात या दुसरीला नाव नसतं, "आली बघ ती", "आता ही काय लावालावी करतेय" एवढंच.

प्रिया मराठे ही माझ्यासाठी कितीतरी वर्षं अशीच "ती" होती. 'तू तिथे मी' लागायची तेव्हा (२०१२ नंतरची दोन वर्षं) चिन्मय मांडलेकर आणि मृणाल दुसानिसच्या संसारात काड्या घालणारी प्रिया मोहिते. कॅरेक्टरचं नावही प्रियाच, त्यामुळे आमच्या आजीच्या डोक्यात बाई आणि भूमिका यात काही फरकच नव्हता, "दिसायला किती गोड आणि वागणं बघा मेलीचं" हे ती इतक्या मनापासून म्हणायची की कुठल्याही अॅवॉर्डपेक्षा मोठी पावती म्हणायला हवी.

ती गेली ३१ ऑगस्ट २०२५ ला. रविवार होता, आणि त्याच दिवशी गौरी आवाहन. पुण्यात गणपतीच्या दिवसांत आधीच कुणाला कशाला वेळ नसतो, त्यात गौरी म्हणजे घराघरात मुखवटे, साड्या, फराळ, सगळी धावपळ. मी सहकारनगरला मावशीकडे होते आणि फॅमिली ग्रुपवर बातमी आली. मामीनं विचारलं कोण गं प्रिया मराठे, तर तीन जणींनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाली 'पवित्र रिश्ता'तली वर्षा, दुसरी म्हणाली मोनिका, 'तुझेच मी गीत गात आहे'मधली, आणि मावशी म्हणाली अगं शंतनू मोघेची बायको. अडतीस वर्षांची होती, कॅन्सरनं गेली. मग पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही आणि मग परत गौरींच्या साडीच्या निऱ्या, कारण ते थांबवता येत नाही.

तिन्ही उत्तरं बरोबर होती आणि त्यातच तिचं करिअर येतं बघा. जन्म ठाण्याचा, १९८७ चा. सुरुवात मराठीतच, 'या सुखांनो या', 'चार दिवस सासूचे'. मग हिंदीत 'कसम से', आणि २००९ ला 'पवित्र रिश्ता'. त्या सिरियलनं आपल्याकडच्या किती जणांना एकदम देशभर नेलं, सविता प्रभुणे, उषा नाडकर्णी, प्रार्थना बेहेरे आणि ही प्रिया. अंकिता लोखंडेनंही नंतर लिहिलं होतं की त्या सेटवरची तिची पहिली मैत्रीण म्हणजे प्रिया. त्या मालिकेचा हिरो सुशांत सिंह राजपूत २०२० मध्ये चौतिसाव्या वर्षी गेला होता, त्यामुळे ग्रुपवर लगेच कुणीतरी "ती मालिकाच शापित" टाकलं. मला असल्या गोष्टींचा भयंकर राग येतो. दोन माणसं वेगवेगळ्या कारणांनी गेली, त्यात शाप कुठून आणला?

पुढे 'बडे अच्छे लगते हैं', 'साथ निभाना साथिया', इकडे 'स्वराज्यरक्षक संभाजी'. हिंदी मराठी हिंदी असं सतत चालू. लीड फार कमी, बहीण, नणंद, किंवा व्हिलन. पण डेलीसोपमध्ये हे काम सोपं नसतं हो. दिवसाला बारा बारा तास शूट, सीन हातात येतो सेटवर, एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड, संपत आली की अजूनच घाई, आणि व्हिलनचा ट्रॅक टीआरपीवर चालतो, आज सगळी गोष्ट तुमच्याभोवती, पुढच्या महिन्यात तुम्ही जेलमध्ये. बऱ्याच जणी मग भुवया उडवायच्या आणि म्युझिकवर सगळं सोडून द्यायचं असं करतात. प्रियाचं तसं नव्हतं, ती हळू आवाजात, हसत हसत बोलायची आणि समोरच्याला कळायच्या आत काडी पेटलेली असायची. मला ते फार आवडायचं.

मावशीचं उत्तर पुणेरी होतं, कारण मोघे म्हटलं की इथल्या त्या पिढीला आधी श्रीकांत मोघे आठवतात, 'वाऱ्यावरची वरात', 'तुझे आहे तुजपाशी'मधला श्याम. शंतनू त्यांचा मुलगा, आणि 'स्वराज्यरक्षक संभाजी'त शिवाजी महाराज झाला होता तो. दोघांचं लग्न २०१२ चं. आणि आपले सुबोध भावे तिचे चुलत भाऊ, हे मला तर त्यांनी ती गेल्यावर लिहिलं तेव्हाच कळलं.

'तुझेच मी गीत गात आहे' तिनं तब्येतीमुळे मध्येच सोडली होती आणि मोनिका म्हणून तेजस्विनी लोणारी आली. तेव्हा आम्ही काय केलं? दोन दिवस "ही नाही बाई शोभत" केलं आणि तिसऱ्या दिवशी सवय झाली. तेजस्विनीचा यात काही दोष नाही, सिरियल असतेच तशी. पण आजारातून उठून परत रोज सेटवर उभं राहायचं आणि तेही लोकांच्या शिव्या खायच्या भूमिकेत, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण माहीतच नव्हतं.

सिनेमावाल्यांचं बरं असतं, दोन तासात बघून होतं, दरवर्षी चॅनलवर लागतं. सिरियलवाल्यांचं शेकडो एपिसोडचं काम कोण परत बघणार? तरी बघायचं असेल तर माझं सजेशन, रडारडीचे ट्रॅक सोडा, 'पवित्र रिश्ता'चे सुरुवातीचे एपिसोड काढा. हिंदी सिरियल, पण घर पक्कं मराठी, आणि आपल्या बायका हिंदी बोलता बोलता मध्येच "अगं" म्हणतात ते ऐकायला तर फारच मजा येते.